खोल समुद्रातला मासेमारी चार्टर: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही मासेमारी बंदरात चार्टर बोटी, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बोटी, धक्क्याला ओळीने लागलेल्या असतात. पांढऱ्याशुभ्र, आमिषाच्या दोऱ्या बोटीपासून दूर धरणाऱ्या आउटरिगरच्या लांब काठ्या मिशांसारख्या दोन्हीकडे उभारलेल्या. गिऱ्हाईक बोटीची लांबी विचारतं, इंजिनाची ताकद विचारतं, गेल्या मोसमातले फोटो बघतं आणि पैसे भरतं. त्या दिवशी मासा हाती लागेल की नाही, याच्याशी या तिन्ही गोष्टींचा संबंध थोडाच. बोट मासा असेल तिथवर नेऊन सोडते. पुढचं काम रीलचा ड्रॅग (किती जोर लागला की दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक), गळाचं टोक आणि डेकहँडचे, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाचे, हात करतात. म्हणून हे परीक्षण बोटीचं कमी, तिच्यावरच्या सामानाचं आणि माणसांचं जास्त आहे.

तासांचा हिशेब

चार्टर तीन मापांत मिळतो: चार तासांचा अर्धा दिवस, आठ ते दहा तासांचा पूर्ण दिवस, आणि बोटीवरच मुक्काम ठेवून केलेली काही दिवसांची सफर. अर्ध्या दिवसाला पाचपैकी दोन गुण, त्याहून जास्त देववत नाहीत. मार्लिन, मोठा कुपा (टूना), वाहू हे मासे भेटतात ते तळ एकदम खाली कोसळतो त्या कडेवर, म्हणजे साधारण २०० मीटर खोलीपासून पुढे. ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांभोवती ही कड किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरवरही असते. खंडाच्या किनाऱ्यावरून निघालात तर ती ४० किलोमीटर किंवा त्याहून दूर असू शकते. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. या वेगाने ४० किलोमीटरला तासाहून जास्त लागतो. जाऊन-येऊन सव्वादोन तास गेले, जिवंत आमिष पकडण्यात पाऊण तास गेला, तर चारपैकी उरला एक. कड जवळ असेल तिथे अर्धा दिवस चालून जातो, एरवी तो समुद्रातला फेरफटका समजावा.

म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न हा: लाइन पाण्यात किती तास असेल? सरळ आकडा सांगणारा कॅप्टन बहुधा बाकी गोष्टींतही सरळ असतो. काही बोटी बंदराच्या तोंडाबाहेर पडताच आमिषं सोडतात आणि सात नॉटने रमतगमत निघतात. लाइन पाण्यात आहे म्हणून गिऱ्हाईक खूश, डिझेल वाचलं म्हणून मालक खूश. चार्टप्लॉटरवर, म्हणजे नकाशाच्या पडद्यावर, खोली २०-३० मीटर दिसत असताना मार्लिनसाठीचा साज ओढला जात असेल तर काय चाललंय ते ओळखावं. या खोलीतही मासे असतात, नाही असं नाही, पण त्यांच्यासाठी आमिषं लहान आणि लीडर (दोरीच्या शेवटी गळाला जोडलेला मजबूत तुकडा) बारीक लागतो.

सामायिक चार्टरमध्ये अनोळखी चार-सहा जण एका बोटीवर येतात. इथे भांडण ठरलेलं: मासा लागला की रॉड कोणी उचलायचा? निघण्यापूर्वी चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा. पाळी माणसाची असते, रॉडची नाही. कुठल्याही रॉडला मासा लागला तरी ज्याची पाळी तो लढेल. मासा सुटला तर पाळी संपली की राहिली, तेही तेव्हाच ठरवावं. पॉपिंगसाठी, म्हणजे आमिष लांब फेकून पाण्याच्या पृष्ठभागावर उडवत ओढायच्या मासेमारीसाठी, मात्र सामायिक बोट घेऊच नये. नऊ मीटरच्या बोटीवरून एका वेळी दोघांनाच सुरक्षितपणे आमिष फेकता येतं. चौघे गेलात तर निम्मा दिवस बसून काढायचा.

तारखा निवडताना दोन पंचांगं बघायची, वाऱ्याचं आणि चंद्राचं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर केर्न्सपासून लिझार्ड बेटापर्यंतच्या पट्ट्यात प्रचंड काळ्या मार्लिनचा मोसम सप्टेंबर ते डिसेंबर असतो. अटलांटिकचा चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. त्या काळात स्वस्त मिळालेला चार्टर का स्वस्त आहे, हे वेगळं सांगायला नको. चंद्राचं म्हणाल तर प्रवाळाच्या कडेवर उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत प्रवाह जोरात असतो. पॉपिंगला तो हवाच असतो, कारण प्रवाह कडेवर आपटतो तिथे मोठे शिकारी मासे दबा धरून बसतात. तळाशी जिग (वर-खाली हिसके देत नाचवायचं धातूचं वजनदार आमिष) सोडायची असेल तर मात्र अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस बरे, नाहीतर जिग तळापर्यंत पोहोचेतो बोट कुठल्या कुठे वाहून गेलेली असते.

धक्क्यावरची पाच मिनिटं

बोटीवर पाय ठेवल्यावर फळीवर बसू नका, रॉड बघा. ओढत्या मासेमारीसाठी, म्हणजे ट्रोलिंगसाठी, बहुतेक ठिकाणी शिमानो टियाग्रा किंवा पेन इंटरनॅशनल अशा जातीची लिव्हर ड्रॅग रील असतात, म्हणजे बाजूच्या दांडीने ड्रॅग कमी-जास्त करायची. रील दहा-पंधरा वर्षं जुनं असलं तरी बिघडत नाही. त्याची निगा कशी राखली आहे, त्याला महत्त्व.

लिव्हर पूर्ण मोकळी करा आणि दोरी हाताने ओढा. मग स्ट्राइकवर, म्हणजे माशाशी लढतानाच्या खुणेवर, आणून पुन्हा ओढा. दोरी सलग सुटली पाहिजे. अडखळत, झटके देत सुटत असेल तर आतल्या चकत्या मीठ लागून किंवा दबून खराब झाल्या आहेत. असं बहुतेक वेळा होतं ते रात्रभर लिव्हर स्ट्राइकवरच ठेवून दिल्यामुळे. नीट चालवलेल्या बोटीवर रिकामी रील नेहमी मोकळ्या लिव्हरवर उभी दिसतात. झटका देणारा ड्रॅग धावत्या माशासमोर दर झटक्याला दोरीवर ठरवलेल्याहून कितीतरी जास्त ताण टाकतो, आणि दोरी तुटली की दोष नवख्या माणसाच्या माथी येतो.

ड्रॅग किती असावा, याचा जुना नियम आजही खरा आहे: दोरीच्या ताकदीचा एक तृतीयांश. २४ किलोच्या दोरीला ८ किलो, ३७ किलोच्या दोरीला सुमारे १२, ६० किलोच्या दोरीला २०. हे हाताने चाचपून कळत नाही, स्प्रिंगचा काटा लावूनच मोजावं लागतं. डेकहँडला विचारा, ‘ड्रॅग किती किलोवर लावलाय?’ तो काटा काढून दाखवत असेल तर बोट चांगल्या हातात आहे. ‘बरोबर आहे, काळजी नको,’ हे उत्तर आलं तर काळजी करावी.

याच ठिकाणी नवखे लोक मासा घालवतात, म्हणून थोडं खोलात जाऊ. मासा दोरी घेऊन धावतो तसा रीलवरचा वेटोळा लहान होत जातो. ड्रॅगच्या चकत्या तेवढ्याच जोराने धरून असतात, पण दोरी आता लहान त्रिज्येवरून खेचली जाते. वेटोळ्याचा व्यास निम्मा झाला की दोरीला जाणवणारा ड्रॅग दुप्पट होतो. आठ किलोचे सोळा झाले. त्यात चारशे मीटर दोरी पाण्यातून फरफटत जाते, तिचा विरोध वेगळा. म्हणजे मासा लांब गेला की ड्रॅग थोडा सैल करायचा असतो, आणि माणूस घाबरून नेमकं उलट करतो, लिव्हर पुढे ढकलतो. टप्प! एवढाच आवाज येतो. मासा दूर धावत असताना लिव्हर पुढे ढकलू नका. कॅप्टन बोट मागे घेऊन दोरी परत मिळवून देईल, ते त्याचं काम आहे.

आता गळ. टोक अंगठ्याच्या नखावर आडवं ठेवून हलकेच ओढा. रुतलं तर धारदार, घसरलं तर बोथट. मार्लिनचं तोंड म्हणजे हाडच, बोथट गळ तिथे घुसत नाही. गंजलेला गळ, पांढुरका पडलेला लीडर, क्रिम्पच्या (दोरी पक्की करायला दाबलेल्या) नळीजवळ चरा पडलेली दोरी, हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. रॉडच्या टोकाला फिरती चाकं असतील तर प्रत्येक चाक बोटाने फिरवून बघा. एक जरी अडकलेलं असलं तरी दोरी त्यावर घासून कापली जाते.

ट्रोलिंग

बोट सहा ते नऊ नॉटने चालवत मागे पाच आमिषं ओढायची, हा नेहमीचा साज. दोन कोपऱ्यांतली आमिषं बोटीमागच्या दुसऱ्या-तिसऱ्या लाटेवर, आउटरिगरवरची दोन चौथ्या-पाचव्या लाटेवर, आणि एक लांब मधोमध, सातव्या-आठव्याच्या पलीकडे. मोठी आमिषं बोटीजवळ, लहान लांब. आमिष लाटेच्या पुढच्या उतारावर बसलं पाहिजे. तिथून ते बुडबुड्यांची शेपूट सोडत खाली जातं, पुन्हा वर येऊन श्वास घेतल्यासारखं करतं. सारखं हवेत उड्या मारणारं किंवा गवत अडकून गिरक्या घेणारं आमिष कोणताही मासा घेत नाही. डेकहँडने दर वीस-तीस मिनिटांनी लाइन ओढून गवत काढलं पाहिजे. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल तर तुम्ही भरलेल्या पैशाचं गवत झालेलं असतं.

वाहू हा सुरमईचाच नातलग, आणि दातांनीही तसाच. त्याच्यासाठी तारेचा लीडर लागतो आणि वेगही जास्त, १२ ते १६ नॉट. नायलॉनवर वाहू लागला तर दहापैकी किती हाती येतील याची पैज लावू नये. याउलट कुप्याची नजर तीक्ष्ण, तार दिसली की तो वळतो. एकाच साजात दोन्ही मासे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कॅप्टन निवड करायला सांगतो, तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो.

मोरमासा किंवा मार्लिन खऱ्या आमिषावर पकडायचा असेल तर सर्कल गळाचा आग्रह धरा. याचं टोक आत वळलेलं असतं, म्हणून तो घशात किंवा पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता बरीच वाढते. अट एकच, झटका मारायचा नाही. मासा आमिष घेतो तेव्हा रील मोकळं सोडून तीन-चार सेकंद दोरी जाऊ द्यावी, मग लिव्हर सावकाश वर घ्यावी आणि रॉड आपोआप वाकू द्यावा. सिनेमात बघून शिकलेले लोक इथे दोन्ही हातांनी हिसका देतात आणि गळ तोंडातून अलगद बाहेर येतो.

विक्रमाची हौस असेल तर हे बोलणं आधी व्हायला हवं. १९३९ साली स्थापन झालेल्या, विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफए या संस्थेच्या नियमांनुसार माशाने आमिष घेतल्यापासून गळ रुतवणं, लढणं, जवळ आणणं सगळं एकट्याने करावं लागतं. डेकहँडने गळ रुतवून रॉड तुमच्या हातात दिला की विक्रम तिथेच संपला. बहुतेक चार्टरवर हेच होतं, आणि मजेसाठी गेलेल्याला त्यात वावगं काही नाही. १० किलोवरच्या दोरीला लीडरची कमाल लांबी ९.१४ मीटर असते, बोटीवरचे लीडर त्याहून लांब असू शकतात. पेरूमधल्या काबो ब्लांकोजवळ ४ ऑगस्ट १९५३ रोजी आल्फ्रेड ग्लासेल यांनी पकडलेल्या ७०७.६१ किलोच्या काळ्या मार्लिनचा विक्रम इतकी दशकं टिकून आहे, एवढं सांगितलं की हौस थोडी आटोक्यात येते.

जिगिंग आणि पॉपिंग

ट्रोलिंगमध्ये बोट काम करते, इथे माणूस. त्यामुळे अंगात ताकद आणि आधी थोडा सराव नसेल तर पूर्ण दिवस फक्त याचाच घेऊ नये.

जिगिंगसाठी विणलेली पीई ३ ते पीई ५ दोरी (पीई हे अशा दोरीच्या जाडीचं माप), आणि ८० ते १०० मीटर खोलीला साधारण २०० ग्रॅमची जिग. बोट वाऱ्या-प्रवाहाने दीड नॉटच्या वर वाहू लागली तर ३०० ग्रॅम घ्यावी. दोरी पाण्यात सरळ खाली न जाता तिरकी जात असेल तर जिग हलकी आहे, दुसरं कारण शोधायला नको. अशा दोरीचा रंग बहुधा दर दहा मीटरला बदलतो, त्यावरून खोली मोजता येते. कॅप्टन ‘६० मीटरवर मासे’ असं ओरडला की सहा रंग मोजून थांबता आलं पाहिजे. कुत्र्यासारखे सुळे असलेला डॉगटूथ टूना लागला तर पहिली वीस सेकंदं निर्णायक. तो सरळ प्रवाळाकडे, खाली धावतो. तिथे पोहोचला की दोरी कापली गेली समजायची. म्हणून इथे ड्रॅग सुरुवातीपासून घट्ट, दहा किलोच्या आसपास, आणि कॅप्टनने बोट लगेच खोल पाण्याकडे खेचायची. ते तो करतो का, हे एका माशातच कळतं.

तळाचे मासे, म्हणजे गोबरा, तांबोशी, खोलातून झपकन वर आणले की त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून डोकावतं. असा मासा वर सोडला तर तरंगत राहतो आणि पक्षी-शार्कच्या तोंडी जातो. वजन लावून त्याला पुन्हा खाली नेऊन सोडणारा डिसेंडर बोटीवर असेल तर त्या बोटीला वरचा अर्धा गुण.

पॉपिंग हे जायंट ट्रेव्हलीसाठी, आपल्या कोकराचा हा दांडगा भाऊ. रॉड साडेसात-आठ फुटी, दोरी पीई ८ ते १०, लीडर १३० ते २०० पौंडी नायलॉन, आमिष १०० ते २०० ग्रॅमचं, आणि रील शिमानो स्टेला किंवा दाइवा सॉल्टिगाच्या सर्वांत मोठ्या मापांतलं. भाड्याने मिळणारं सामान बहुतेक ठिकाणी याच्या आसपासही नसतं. तेव्हा एक तर स्वतःचं न्यावं, नाहीतर मॉडेलचं नाव विचारून घ्यावं. दोरी आणि लीडर जोडणारी गाठ एफजी नावाची, बारीक, हवी. रॉडच्या कड्यांतून ती सहज पार होते. जाड गाठ असेल तर दर फेकीला ती कड्यांवर आपटते आणि दुपारपर्यंत सैल होते. दिवसात शे-दीडशे फेकी होतात. पहिल्या बोटाला चामडी अंगठी किंवा जाड हातमोजा नसेल तर दोरी बोट चिरते.

तिहेरी गळांऐवजी एकेरी, काटा (टोकामागचं उलटं दातरं) दाबलेले गळ लावून मागा. मासा सोडणं सोपं जातं, आणि तडफडणाऱ्या माशासकट दुसरा गळ कोणाच्या हातात घुसण्याची शक्यता कमी होते. काटा असलेला जाड गळ हातात घुसला तर जाड तार तोडणारा कटर लागतो. तो बोटीवर आहे का, कुठे आहे, हे आधी बघून ठेवा.

लढताना रॉड सावकाश वर उचला, खाली नेता नेता दोरी गुंडाळा. मासा दोरी घेत असताना हँडल फिरवत राहू नका. स्पिनिंग रीलवर त्याने दोरीला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. रॉड सरळ आकाशाकडे उभा केला की सगळा भार टोकावर येऊन रॉड मोडतो. मोडलेल्या रॉडचे पैसे कोण देणार, हेही आधी विचारण्याच्या गोष्टींत येतं.

बोट लागणं

कुणाला बोट लागते, कुणाला नाही, आणि ज्याला कधी लागली नाही त्याला थांबलेल्या बोटीवर लागू शकते. बोट धावत असताना फारसं काही होत नाही. जिगिंगसाठी इंजिन बंद करून वाहत असताना, आडव्या लाटेवर, डिझेलच्या धुरात, खाली मान घालून गाठ बांधताना पोट उलटतं. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मेक्लिझिन निघण्यापूर्वी तासभर, सिनॅरिझिन दोन तास, कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि बाकी गोळ्यांनी झोप येते हे धरून चालावं. बोटीच्या मध्याच्या जरा मागे उभं राहावं, क्षितिजाकडे बघावं, केबिनमध्ये जाऊन आडवं पडण्याचा मोह टाळावा. पोट पूर्ण रिकामंही नको आणि तेलकटाने भरलेलंही नको.

अंदाज वाचताना फक्त लाटेची उंची बघणारे फसतात. दीड मीटरची लाट दर बारा सेकंदांनी येत असेल तर बोट पाळण्यासारखी वर-खाली होते. तीच दर पाच सेकंदांनी येत असेल तर पाठीचे मणके मोजले जातात. आठ-नऊ मीटरच्या बोटीसाठी १५ नॉटचा वारा ही कामाची वरची मर्यादा समजावी. प्रवाह वाऱ्याच्या उलट असेल तर त्याहून कमी. कॅप्टनने हवेमुळे दिवस रद्द केला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं असावं. गिऱ्हाइकाने बोट लागून मध्येच परतायला सांगितलं तर मात्र कुठेही पैसे परत मिळत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

सुरक्षेबाबत थोडक्यात: प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, चालू व्हीएचएफ रेडिओ (१६ क्रमांकाच्या चॅनेलवर संकटाचा संदेश जातो), ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी (संकटात उपग्रहामार्फत बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र) आणि शक्य तर दोन इंजिनं. लांब जाणाऱ्या बोटीवर यातल्या पहिल्या तीनपैकी एक जरी नसेल तर पायरीवरूनच परत फिरा. दुसरं, लीडर हाताला गुंडाळू नका. डेकहँड ते करताना दिसेल, त्याने ते वर्षानुवर्षं केलेलं असतं. माशाने शेवटची उसळी घेतली तर गुंडाळलेला हात माणसासकट पाण्यात जातो. वाहू डेकवर आल्यावरही पाय लांब ठेवावेत, मेला असं वाटल्यावरही तो चावतो.

(केळी नेऊ नका. बोटीवर केळं म्हणजे मासा नाही, अशी समजूत जगभरच्या चार्टरवाल्यांत आहे. शास्त्र काही नाही, पण दिवसभर मासा लागला नाही तर डबा उघडून दाखवावा लागतो.)

बर्फाची पेटी

इथे चांगली आणि वाईट बोट लगेच वेगळी होते. उष्ण हवेत माशाच्या वजनाएवढा बर्फ हवा, हा साधा हिशेब. शंभर किलोंच्या माशांची स्वप्नं घेऊन निघालेल्या बोटीवर दोन पिशव्या बर्फ असेल तर कॅप्टनचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नाही. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला मासा एका बाजूनेच गार होतो. दोन भाग बर्फात एक भाग समुद्राचं पाणी घालून केलेला चिखल त्याला सगळीकडून कवटाळतो आणि शून्याच्या आसपास नेतो.

कुप्याच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. त्याचं अंग समुद्राच्या पाण्याहून गरम असतं आणि लढताना आणखी तापतं. वर आल्याबरोबर डोक्यात सुई घालून मारणं, छातीच्या पराच्या दोन-तीन बोटं मागे दोन्ही बाजूंना आणि कल्ल्यांत छेद देऊन पाच-दहा मिनिटं रक्त वाहू देणं, कल्ले-आतडी काढणं आणि मग बर्फाच्या चिखलात, या क्रमाने. डेकवर उन्हात फोटोंसाठी अर्धा तास पडलेल्या कुप्याचं मांस पांढुरकं, आंबूस आणि भुसभुशीत होतं. मामला चवीपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. कुपा, वाहू, माही-माही यांच्या मांसातल्या हिस्टिडिनचं जिवाणू हिस्टामिन करतात. हे एकदा तयार झालं की शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज. मासा ताजा होता म्हणून लोक बुचकळ्यात पडतात. ताजा होता, पण गार नव्हता.

प्रवाळावरच्या मोठ्या माशांचा धोका याहून वेगळा. मोठा बॅराकुडा, थोराड गोबरा, काही तांबोश्या यांच्या अंगात सिग्वाटेराचं विष साठतं. ते सूक्ष्म शैवालातून लहान माशांत आणि त्यांतून मोठ्यांत येतं. बर्फाने, आचेने, लिंबाने काही होत नाही, वासाने-रंगाने ओळखता येत नाही. गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागणं ही त्याची विचित्र खूण. कुठल्या प्रवाळावरचा कुठला मासा खायचा नाही, हे तिथल्या खलाशांना माहीत असतं. ते स्वतः जो मासा घरी नेत नाहीत, तो तुम्हीही घेऊ नका.

मासा कोणाचा, हा शेवटचा वादाचा मुद्दा. काही ठिकाणी पकड बोटीची आणि गिऱ्हाइकाला खाण्यापुरता वाटा, काही ठिकाणी सगळी गिऱ्हाइकाची, काही ठिकाणी मोरमासा-मार्लिन सोडणं सक्तीचं. मासेमारीचा परवाना बोटीच्या भाड्यात धरलाय की प्रत्येकाला वेगळा काढावा लागतो, इंधनाचा अधिभार वेगळा आहे का, मासा साफ करून तुकडे करण्याचे पैसे कोण घेतो, हे सगळं भाडं ठरवताना एकदमच विचारावं. नंतर धक्क्यावर, मासा हुकावर टांगलेला असताना आणि आजूबाजूला लोक फोटो काढत असताना, ही चर्चा फार अवघड जाते. डेकहँडची बक्षिसी मात्र कॅप्टनच्या हातात न देता त्याच्याच हातात द्यावी, आणि ती मासा मिळाला की नाही यावरून ठरवू नये. गवत कितीदा काढलं, गळ कितीदा घासले आणि बर्फ दुपारी तीन वाजता किती उरला होता, ते बघून ठरवावी.